वाचक विचारतात : चुनी गोस्वामी, मैदानं दोन

प्रश्न : चुनी गोस्वामी भारताकडून क्रिकेटही खेळले, असं आमच्या कट्ट्यावर एक जण छातीठोकपणे सांगतो. खरं काय? (सांगली)

उत्तर : भारताकडून फुटबॉल, क्रिकेट बंगालकडून. कसोटी एकही नाही. तुमच्या मित्राचा घोळ बहुधा इंदूरच्या सामन्यामुळे झाला असावा. डिसेंबर १९६६ मध्ये सोबर्सचा वेस्ट इंडीज संघ तिथे मध्य आणि पूर्व विभागाच्या संयुक्त संघाशी खेळला आणि चक्क डावाने हरला. पाहुण्यांच्या वीसपैकी एकोणीस विकेट दोघांनीच काढल्या : सुब्रतो गुहा ११, गोस्वामी ८. गोस्वामींची उजव्या हाताची मध्यमगती गोलंदाजी, बस्स.

एकूण हिशेब सांगायचा तर ४६ प्रथमश्रेणी सामने, १५९२ धावा, एक शतक, ४७ बळी आणि गोलंदाजीची सरासरी २४ च्या आसपास. हौसेखातर खेळणाऱ्याचे आकडे असे नसतात.

प्रश्न : दोन्ही खेळ एकाच वर्षात जमवायचे कसे? (नाशिक)

उत्तर : कोलकात्याची फुटबॉल लीग ऐन पावसाळ्यात, चिखलात चालायची आणि रणजी हिवाळ्यात. त्यामुळे निम्मं गणित हवामानानेच सोडवलं होतं. पेच पडायचा तो बाहेरच्या स्पर्धांमुळे. दिल्लीची ड्युरँड ही फुटबॉल स्पर्धा हिवाळ्यातच यायची. म्हणून त्यांच्या कारकिर्दीचा क्रम नीट पाहा. १९५४ पासून कोलकात्याच्या मोहन बागान फुटबॉल क्लबचा पहिला संघ. १९६२ ला जकार्तात आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण, कर्णधार तेच. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर ३-२ असा विजय, त्यातले दोन गोल त्यांचे. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ हरवलं. गोल प्रदीपकुमार बॅनर्जी आणि जर्नैल सिंग यांचे. जर्नैल मूळचा बचावपटू, पण डोक्याला टाके पडल्यामुळे प्रशिक्षक रहीम यांनी त्याला पुढे आघाडीला खेळवला होता. १९६४ च्या आशियाई चषकात उपविजेतेपद आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय फुटबॉलला रामराम. बागानकडून खेळणं १९६८ ला थांबवलं. क्रिकेट पिकलं ते त्यानंतर.

प्रश्न : मुंबईविरुद्ध ते खेळले होते का? (दादर)

उत्तर : खेळले, आणि हेच त्यांचं दुर्दैव. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षं रणजी करंडक मुंबईकडेच होता. गोस्वामींची सगळी क्रिकेट कारकीर्द (१९६२-६३ ते १९७२-७३) त्या पंधरा वर्षांच्या पोटातच सामावली. १९६८-६९ च्या अंतिम सामन्यात त्यांनी मुंबईविरुद्ध ९६ आणि ८४ धावा केल्या. तरी करंडक मुंबईचाच, कारण सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याची आघाडी, तो विजेता. त्यामुळे दुसऱ्या डावातले ८४ निकालाच्या दृष्टीने फुकट गेले. नियम तसा आजही आहे. १९७१-७२ ला ते बंगालला कर्णधार म्हणून पुन्हा अंतिम फेरीत घेऊन आले. समोर पुन्हा मुंबई. पुन्हा हार.

प्रश्न : मुलगा दोन्ही खेळतो. बुटांचा एकच जोड चालेल का? (ठाणे)

उत्तर : मुलगा गोलंदाजी करत असेल तर नाही. चेंडू टाकताना पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. फुटबॉलचा बूट हलका, टाचेखाली पातळ. मग टाच आणि नडगी दुखायला लागते, आणि कडक खेळपट्टीवर स्टड धरत नाहीत, पाय सटकतो. उलट क्रिकेटचे लोखंडी खिळे घालून फुटबॉलला उतरवलंत, तर पंच बाहेर काढेल. समोरच्याच्या पोटरीचा प्रश्न असतो. नुसती फलंदाजी असेल तर रबरी तळव्याचा साधा जोड पुरतो.