पैसा जातो कुठं? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात म्हणलं होतं की घरखर्चाबद्दल जे विचारायचंय ते बिनधास्त पाठवा, तर पत्रं आणि व्हॉट्सअॅप मिळून ढीगच लागला. बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच, कमाई आहे तेवढीच आहे आणि पैसा पुरंना. त्यातले चार प्रश्न घेतलेत. भाजीवालीशी पाच रुपयांवरून घासाघीस कशी करायची ते मात्र इथं सांगणार नाही, तिचं पोट त्याच्यावर आहे आणि तुमचा पैसा तिथून गळतही नाही.

ताई, मालक दुकानात कामाला आहेत, पगार अठरा हजार. किराणा वहीवर आणतो, महिन्याला चार-साडेचार हजार होतात आणि सामान तर मोजकंच दिसतं. सासूबाई म्हणतात वर्षाचं धान्य एकदाच भरा, पण एवढे पैसे एकदम आणायचे कुठून? (एक भगिनी, उदगीर)

सासूबाईंचं ऐका, पण थोडं थोडं करून. सगळं एकाच महिन्यात भरायची गरजच नाही, कारण माल पण एकदम येत नाही. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात पडते, रब्बीची ज्वारी त्याच्या मागं, आणि गहू मार्च-एप्रिलला. म्हणजे खर्च आपोआपच तीन-चार महिन्यांवर वाटला जातो. तुम्ही तर उदगीरच्या, डाळमिलच्या गावात राहून डाळ किलो-किलोनं वहीवर आणायची म्हणजे काय म्हणावं! गल्लीतल्या दोन-तीन घरांनी मिळून मिलवरून एक कट्टा घ्या आणि वाटून घ्या. चकचकीत पॉलिशच्या डाळीच्या मागं लागू नका, ते पैसे दिसण्याचे असतात, आणि रोजच्या आमटीला तर तुकडा डाळ सुद्धा चालते, शिजल्यावर कोण बघायलंय अख्खी होती का तुटकी.

भरलेलं टिकलं पाहिजे मात्र, नाहीतर किड्यांनी खाल्लं की सगळा हिशोब पाण्यात. दोन दिवस कडक ऊन द्या, आणि उन्हातून काढल्या काढल्या कोठीत भरू नका, रात्रभर पसरून पूर्ण गार होऊ द्या, गरम भरलं की आत घाम सुटतो आणि बुरशी धरते. डाळीला किलोमागं चमचाभर एरंडेल चोळलं की पुरे. ज्वारी-गव्हात वाळवलेला कडुलिंबाचा पाला टाकतात तो टाका. पण कृषी केंद्रातून आणून पोत्यात टाकायच्या त्या सल्फासच्या गोळ्या राहत्या घरात अजिबात नको, हवेतल्या ओलाव्यानंच त्यातून विषारी वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्यानं दगावलेली आहेत.

आता वही. दुकानदार फसवतो असं माझं म्हणणं नाही, पण वहीवर आणताना भाव कोणी विचारत नाही हे खरं. पोराला साखर आणायला पाठवलं की तो बिस्किटचा पुडा, शाम्पूच्या पुड्या, कुरकुरे पण घेऊन येतो आणि सगळं साखरेच्या खाली लिहिलं जातं. मागच्या दोन महिन्यांची वही घरी आणा, पेन घेऊन बसा आणि रोख द्यावी लागली असती तर जे आणलंच नसतं त्याला गोल करा. ते गोल केलेलं सामान पुढच्या महिन्यापासून फक्त रोखीनं, बाकीचं राहू द्या वहीवर. एकदम वही बंद करायला गेलात तर दुकानदारही तुटतो आणि अडीअडचणीला त्याच्याशिवाय कोण आहे?

उन्हाळ्यात लाइट बिल अडीच-तीन हजार येतंय. एसी नाही, एक कूलर, तीन पंखे, फ्रिज, टीव्ही. शेजारी म्हणतो 100 च्या वर एक युनिट जरी गेलं तरी सगळ्या युनिटला वरचा दर लागतो. खरं का हो? (एक वाचक, परभणी)

नाही हो, शेजाऱ्याचं चुकतंय. घरगुती वापराचे टप्पे आहेत, 100 पर्यंत, मग 300 पर्यंत, मग 500 पर्यंत आणि त्याच्या वर. पहिल्या 100 ला कमी दरच लागतो, वर गेलेल्या युनिटला तेवढा वरचा. पण तो वरचा दर पहिल्याच्या दुपटीच्या घरात आहे, म्हणून तुम्ही जे युनिट वाचवता ते महागातले वाचतात, हे ध्यानात घ्या म्हणजे पुढचं पटेल.

लोक कूलरच्या आणि टीव्हीच्या मागं लागतात, पंख्याकडं कोणी बघतच नाही. साधा जुना पंखा 75 वॅटचा असतो, आपल्याकडं उन्हाळ्यात सोळा तास तरी फिरतो, म्हणजे महिन्याला 36 युनिट, तीन पंख्यांचे 108. बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आसपास घेतो, त्याचे महिन्याला पंधराच्या आत. एका पंख्यामागं एकवीस युनिट सुटले, वरच्या टप्प्याच्या दरानं गुणून बघा. हा पंखा साध्यापेक्षा महाग आहे म्हणून तिन्ही एकदम बदलू नका, जो रात्रंदिवस चालू असतो तो आधी बदला आणि पाहुण्यांच्या खोलीतला आहे तसा राहू द्या. आणि रेग्युलेटरसाठी थांबू नका, त्याच्यासोबत रिमोट येतो, पोरं तो हरवतात तेवढी काळजी घ्या.

कूलर बंद खोलीत लावू नका. समोरची एक खिडकी उघडी पाहिजे, नाहीतर दमट हवा आतच फिरते, चिकचिक होते आणि मग पंखा वाढवा, कूलर वाढवा असं सुरू होतं. गवताच्या ताट्या दरवर्षी नव्या टाका, क्षारानं कडक झालेल्या ताटीतून गार वारा येत नाही. बिल मुदतीच्या आधी भरलं की थोडी सूट असते, ती तारीख बिलावरच छापलेली असते. घर आणि गच्ची स्वतःची असेल तर गच्चीवर सोलर बसवायच्या पीएम सूर्यघरची चौकशी करा, फेब्रुवारी 2024 ला सुरू झालेल्या या योजनेत 3 किलोवॅटला 78 हजारांची सबसिडी ठरवली होती, पण कर्ज काढून लावायचं असेल तर हप्ता आणि वाचणारं बिल शेजारी शेजारी लिहून बघा.

आई-वडील दोघांना बीपी-शुगर आहे, गोळ्यांनाच महिन्याला तीन हजार जातात, वर दोघांचे मोबाइल रिचार्ज. (एक वाचक, हिंगोली)

जनऔषधी केंद्रात जा. टेल्मिसार्टन, अॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिन या रोजच्या गोळ्या तिथं ब्रँडच्या निम्म्या किंवा त्याहून कमी किमतीत मिळतात. पट्टीवरचं औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम तेच पाहिजे, आणि शुगरच्या गोळीवर एसआर किंवा ईआर (म्हणजे पोटात हळूहळू विरघळणारी) लिहिलेलं असेल तर तेच. पहिल्यांदा बदलताना डॉक्टरांना दाखवा, ते नाही म्हणत नाहीत.

रिचार्जचं म्हणाल तर 28 दिवसाच्या प्लॅननं वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. आईचा बटणाचा फोन असेल तर तिला डेटा कशाला? ट्राय म्हणजे मोबाइल कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या नियमामुळं 2025 पासून कंपन्यांना फक्त कॉल-एसएमएसचे प्लॅन ठेवावे लागतात, ते विचारा, कारण दुकानदार स्वतःहून सांगत नाही. वडील 75 पुढचे असतील तर एसटीत तिकीट नाही, आणि बायकांना मार्च 2023 पासून अर्धं आहे, हे बहुतेकांना ठाऊक आहे तरी लोक वडापमध्ये कोंबून जातात.

आमची बायकांची भिशी आहे, यंदा माझ्या वाट्याला साठ हजार आले. एक मल्टिस्टेट सोसायटी 13 टक्के देते म्हणतात, एजंट ओळखीचा आहे, नात्यातलाच. ठेवू का? मुलगी सहा वर्षांची आहे. (एक भगिनी, अंबाजोगाई)

नका ठेवू. बीड जिल्ह्यात राहून हा प्रश्न विचारायलात म्हणून जरा स्पष्टच बोलते, आजूबाजूला चार घरं फिरा, एका घरात तरी बुडालेल्या ठेवीची पावती हातात घेऊन बसलेलं माणूस भेटंल. बँक बुडाली तर ठेवीदाराला 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, फेब्रुवारी 2020 ला ते एक लाखाचं पाच लाख झालं, सहकारी बँकेला सुद्धा लागू आहे. पण पतसंस्था आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी म्हणजे बँक नव्हे, तिथं हा विमा नाही, ऑफिस कितीही काचेचं असू द्या. जिथं सगळे सहा-सात टक्के देतात तिथं एक जण तेरा देतोय तर तो कुठून देतोय, एवढं एजंटला विचारा.

मुलगी दहाच्या आत आहे, तिच्या नावानं पोस्टात सुकन्या खातं काढा. वर्षाला किमान 250 रुपये भरावे लागतात, जास्तीत जास्त दीड लाख, पंधरा वर्षं भरायचं आणि खातं काढल्यापासून एकवीस वर्षांनी मुदत संपते. व्याज जानेवारी 2024 ला 8.2 टक्के झालं, दर तिमाहीला सरकार ठरवतं. साठातले तीस तिथं. बाकीचे तीस राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी करा, आणि तीन वेगवेगळ्या दहा-दहा हजारांच्या करा, म्हणजे दवाखान्याचं काही निघालं तर एकच मोडावी लागंल. भिशी चालू ठेवा, ओळखीच्या बायकांची आणि लिलावाची नसलेली भिशी वाईट नाही, तिच्यात व्याज नसतं पण पैसा घरात दिसत नाही म्हणून उडत नाही.

नात्यातल्या एजंटला तोंडावर नाही म्हणायला जड जात असेल तर सांगा, पोरीच्या नावानं पोस्टात टाकले, आता काढता येत नाहीत. निम्म्या पैशांपुरतं तर खोटं पण नाही ते.