त्रेपन्न की पन्नास तीन?

प्रश्न : माझी नात दुसरीत आहे. 'त्रेपन्न लिही' म्हटले की ती ३५ लिहिते. तिच्या बाई वर्गात 'पन्नास तीन' असे म्हणवून घेतात. आम्ही पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत, म्हणजे पाव-अर्ध्यापासून साडेतीनपर्यंतचे, सारे पाढे पाठ केलेली माणसे. आम्हाला ही मराठीची मोडतोड वाटते. घरी तिला काय शिकवावे?
— एक आजी, सांगली

उत्तर : आपली नात जे ऐकते तेच इमानाने लिहिते आहे. 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी येतात आणि पन्नास मागाहून, कागदावर मात्र दशकाचा ५ आधी लिहायचा असतो. 'एकोणसाठ' त्याहून अवघड, कारण साठातून एक कमी करून मग ५ आणि ९ शोधावे लागतात. आणि ही रीत अंगवळणी पडते न पडते तोच शंभराच्या अलीकडे एकदम 'नव्व्याण्णव' येते. आपल्याला हे शब्द इतके सवयीचे झाले आहेत की त्यांतली अडचण दिसेनाशी झाली आहे.

बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणितात रूढ नावांच्या जोडीने 'वीस एक', 'पन्नास तीन' असे वाचन दिले, तेव्हा मोठा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्या वेळी दाक्षिणात्य भाषांचा दाखला दिला होता. त्रेपन्नला कन्नडमध्ये 'ऐवत्तमूरु', म्हणजे पन्नास-तीनच, म्हणतात. मिरजेच्या बाजारात ते आपल्या कानावर पडलेही असेल. नॉर्वेने तर १९५१ साली सरकारी निर्णयाने दशक आधी म्हणण्याची पद्धत आणली, तरी जुनी रीत लोकांच्या बोलण्यात पुढेही टिकून राहिली. त्यामुळे वर्गात 'पन्नास तीन' म्हटल्याने 'त्रेपन्न' बुडेल, ही भीती मला रास्त वाटत नाही. दुकानदार त्रेपन्न रुपयेच मागणार आहे आणि नातीला तो शब्द यायलाच हवा.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. आपण मुलांकडून शंभरापर्यंतची नावे आधी घोकून घेतो आणि दशक म्हणजे काय हे नंतर सांगतो. हा क्रम उलटा करायला हवा, आणि ते घरीही करता येते. खराट्याच्या काड्यांचे सारख्या लांबीचे तुकडे करा, दहा-दहांच्या जुड्या रबराने बांधा आणि पाच जुड्या व तीन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवा. तिने आधी 'पन्नास तीन' म्हणावे, लगेच 'त्रेपन्न' म्हणावे आणि मगच लिहावे. पुढे त्यातून २७ काढायला सांगा. तीन सुट्या काड्यांतून सात निघत नाहीत, म्हणून ती स्वतःच एका जुडीचे रबर काढील आणि सुट्या तेरा होतील. यालाच आपण 'उसना घेणे' म्हणत आलो. वास्तविक येथे कोणी कोणाकडून उसने घेत नाही, दशक सुटा होतो एवढेच.

आणखी एक लक्षात ठेवा. काही मुले कानावर पडलेल्या क्रमाने आधी उजवीकडे ३ लिहितात आणि मग त्याच्या डावीकडे ५ मांडतात. नातीने तसे केले तर तिला रागावू नका. तिने लिहिलेले ५३ बरोबरच आहे.