पिकअपला हिच बसवताना चेसीची होलं जुळत नाहीत, गॅसने मोठी करू का?

दादा, तुम्ही लिहिलंय की पिकअपच्या मागं छोटा ट्रेलर ओढायला हिच करून आणला, डावीकडचे दोन बोल्ट बसले पण उजवीकडची दोन होलं 4 मिमी सरकलेली दिसतात, आणि वेल्डर म्हणतोय गॅसने होल वाढवून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. नका करू ओ. गॅस अजिबात लावू देऊ नका.

माझं झालंय म्हणून सांगतोय. आमच्या जुन्या जीपला पाण्याच्या टाकीचा ट्रेलर लावायचा होता, बेळगावच्या उद्यमबागेत एका गाळ्यात असंच गॅसने होल वाढवून दिलं, वरनं वायसर टाकून आवळलं, बघायला एकदम फिट. दोन महिन्यांनी तवंदीचा घाट उतरताना ब्रेक मारला की मागनं टक्क, सोडला की परत टक्क. खाली निपाणीत गाडी बाजूला घेऊन आत शिरून बघितलं तर पातळ वायसर वाटीसारखा होलात बसलेला, बोल्ट एका बाजूनं घासून चकचकीत झालेला आणि नट हातानं फिरत होता. गॅसचा काठ खडबडीत असतो, वितळलेल्या लोखंडाची मळी राहते, त्यावर वायसर सपाट टेकतच नाही, मग आवळलेलं टिकणार कसं?

आता तुमचं बघू. आधी डावीकडचे बोल्ट पूर्ण ढिले करा. बहुतेक वेळा घोळ इथंच असतो, एक बाजू आवळली की हिच त्या बाजूला ओढला जातो आणि दुसरीकडची होलं पळतात. हिचखाली जॅक लावून वजन त्याच्यावर घ्या, चारही बोल्ट हातानं दोन-तीन आटे लागतील एवढेच घालायला बघा, आणि जे होल राहिलंय त्यात निमुळता पंच किंवा पॉडगर (एका टोकाला निमुळता दांडा असलेला पाना) घालून हळू ओढून घ्या. 12 मिमीचा बोल्ट आणि हिच-चेसी दोन्हीकडं 13.5 मिमीचं होल असेल तर दीड मिमीपर्यंतचा फरक तसाच जिरतो. ब्रॅकेट (हिचचा चेसीला टेकणारा पत्रा) आणि चेसीच्या मधे जुना अंडरकोट (गाडीखाली गंजू नये म्हणून मारलेला जाड लेप), चिखल, गंज असेल तर तो खरवडून काढा, त्यानंही एक-दोन मिमी जातात. आणि डावं-उजवं ब्रॅकेट उलटं तर लागलं नाही ना तेही बघा, हसण्यासारखं वाटेल पण होतं असं.

तरीही बसत नसेल तर टेपनं चारही होलांचे दोन्ही कर्ण मोजा, आधी चेसीवर, मग हिचवर. हिचचे दोन कर्ण एकमेकांपेक्षा वेगळे आले तर वेल्डिंगच्या वेळी तो ओढला गेलाय, करणाऱ्याकडं परत न्या. चेसीचेच वेगळे आले तर गाडीला मागनं कधीतरी मार बसलाय, आणि मग हिचचा विचार नंतर, आधी चेसी दाखवा.

आता मुख्य गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. होल कुठल्या दिशेला सरकलंय ते बघा. ट्रेलरची ओढ पुढं-मागं असते. होल या ओढीला आडवं सरकलं असेल, म्हणजे वर-खाली किंवा डावी-उजवीकडं, तर ब्रॅकेटचं होल (चेसीचं नाही!) त्या दिशेनं लांबट करता येतं. खूण करून शेजारी ड्रिल मारा, मधला भाग गोल कानशीनं साफ करा, आणि होलाच्या मध्यापासून काठापर्यंत निदान 20 मिमी लोखंड राहिलं पाहिजे. वर साधा वायसर नको, 5 मिमी पट्टीचा चौकोनी तुकडा ड्रिल मारून घाला, म्हणजे लांबट होल पूर्ण झाकलं जाईल. पण सरकलेलं पुढं-मागं असेल तर लांबट होल करू नका, प्रत्येक ब्रेकला ब्रॅकेट त्याच खाचेत पुढं-मागं सरकायला बघणार. तिथं नवीन पत्रा कापून नवीन होल मारायचं, खर्च होतो पण दुसरा रस्ता नाही.

चेसीला नवीन होल मारायची वेळ आलीच तर उभ्या बाजूला मारा, वरच्या-खालच्या पट्टीला नाही, कारण सगळा ताण त्या पट्ट्या घेतात. चेसी पेटीसारखी बंद असेल तर आत बोल्टभोवती पाइपचा तुकडा (बुश) घाला, नाहीतर आवळताना पत्रा चेपतो आणि बोल्ट परत ढिला.

बोल्ट 8.8 ग्रेडचे, डोक्यावर आकडा असतो, नसेल तर घेऊ नका. जिथं ब्रॅकेट टेकतं तिथला जाड रंग काढा, उघड्या लोखंडाला प्रायमरचा पातळ हात द्या, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) लावा आणि 12 च्या बोल्टला साधारण 80 न्यूटन मीटर टॉर्क रेंचनं (आवळायचा जोर मोजणाऱ्या पान्यानं), अंदाजानं नाही. आवळल्यावर नट आणि पत्रा मिळून पेंटची एक रेघ ओढून ठेवा, 100 किमी झाल्यावर खाली बघितलं की लगेच कळतं सरकलंय का.

चारही होलं कुठं किती सरकलीत आणि ब्रॅकेटचा पत्रा किती जाड आहे तेवढं मोजून लिहा, मग पुढचं सांगतो.