किडनीच्या नळीतली पेशी बायकार्बोनेट परत कसं घेते?

खानापूरच्या भावानं विचारलंय, बायकार्बोनेट, म्हणजे रक्तातली आम्लता आवरणारा क्षार, नळीतनं पेशीत थेट शिरतं काय? नाही रे, खरी गंमत तिथंच हाय. पेशी सोडियम आत घेऊन हायड्रोजन नळीत सोडते, तो बायकार्बोनेटला चिकटला की कार्बोनिक अॅन्हायड्रेज एन्झाइम त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करतं, हा वायू आरामात आत जातो आणि आत परत बायकार्बोनेट तयार होतं. आपल्या टिळकवाडीत रेल्वे गेट पडलं की रिक्षा अलीकडं सोडून चालत पलीकडं जायचं आणि दुसरी रिक्षा धरायची, तसंच. मग रक्ताच्या बाजूनं एनबीसीई१ नावाचं प्रोटीन एका सोडियमसोबत साधारण तीन बायकार्बोनेट बाहेर काढतं. नळीच्या पहिल्या वळणदार भागातच बायकार्बोनेट परत घ्यायचं ८० टक्क्यांच्या आसपास काम होतं, परीक्षेला हे नक्की लिही.