रात्री अंथरुणावर पडल्यावर दोन-दोन तास झोप येत नाही. गोळी न घेता काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय, १० वाजता आडवे होता आणि १२ वाजले तरी डोळा लागत नाही. मीही दोनेक वर्षं अशीच कूस बदलत काढली. झोप येत नाही म्हणून मी आणखी लवकर पडायचो, ९ वाजताच दिवा बंद. त्याने काय व्हायचं, तर तळमळायला तासभर जास्त मिळायचा.

झोपेचंही भुकेसारखंच आहे. जितका वेळ जागे असतो तितकं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि पेंग यायला लागते. दुपारी तासभर ताणून दिली की ती भूक तिथेच भागते. चहा-कॉफीतलं कॅफिन तर अ‍ॅडेनोसिनची जागाच अडवून बसतं, आणि त्यातलं निम्मं उतरायला साधारण ५ तास लागतात. म्हणजे संध्याकाळी ६ चा कप रात्री ११ वाजताही अर्धा अंगात. तो कप सोडणं मला सगळ्यात जड गेलं, खोटं कशाला सांगू.

खरा फरक पडला तो उठायची वेळ पक्की केल्यावर. झोप कधीही लागो, ६ म्हणजे ६, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. उठल्यावर थोडा वेळ बाहेर उजेडात, म्हणजे शरीरातलं घड्याळ जागेवर येतं. पहिला आठवडा नुसत्या जांभया. पुढच्या आठवड्यात रात्री साडेदहालाच पुस्तक हातातून गळायला लागलं.

वीसेक मिनिटांत झोप नाही आली तर सरळ उठा. मी मंद दिव्यात धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायचो. चौथ्या-पाचव्या शर्टाला डोळे मिटायला लागायचे, मग परत अंथरुणात. घड्याळाचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवा. ‘आता साडेचारच तास उरले’ हा हिशेब सुरू झाला की संपलंच.

झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने आंघोळ करून बघा. त्वचेकडे रक्त वाढून आतली उष्णता बाहेर पडते, आणि शरीर थोडं थंड झालं की झोप सोपी जाते. दारूने डोळा लागतो खरा, पण पुढे झोप मोडते. मोबाईलचं सगळ्यांनी सांगून झालंय, मी नाही सांगत.

मात्र जोरात घोरत असाल किंवा झोपेत श्वास अडकतो असं घरचे म्हणत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा. तिथे माझे कपडे आणि घड्या कामाच्या नाहीत.