चर्चेत युक्तिवाद कुठे संपतो आणि भांडण कुठे सुरू होतं?

आवाज चढला की भांडण सुरू झालं, असं आपण बऱ्याचदा धरून चालतो. मला ते पटत नाही. मी बरीच वर्षं कॉलेजच्या मुलांकडून वादविवाद स्पर्धांची तयारी करून घेतो. अगदी गोड आवाजात केलेली दिशाभूल तिथे कितीदा तरी ऐकायला मिळते.

माझ्या मते सगळ्यात नेमकं उत्तर गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांच्या, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथाच्या, परंपरेत आहे. तिथे चर्चेचे तीन प्रकार केलेत. खरं काय ते ठरवायला करतात तो वाद, जिंकायला करतात तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं खोडत राहायचं ती वितंडा.

या परंपरेत पूर्ण युक्तिवादाचे पाच भाग असतात. सोसायटीची मीटिंग घ्या. ‘गच्चीवरची टाकी गळतेय’ ही प्रतिज्ञा, म्हणजे सिद्ध करायचं विधान. ‘कारण खालच्या भिंतीला ओल आलीय’ हा हेतू, म्हणजे त्यामागचं कारण. ‘बी विंगची टाकी गळत होती तेव्हा तिथेही अशीच ओल होती’ हे उदाहरण. ‘इथेही तशीच आहे’ हा उपनय, म्हणजे ते उदाहरण इथे लावणं, आणि ‘म्हणून टाकीच गळतेय’ हे निगमन, म्हणजे निष्कर्ष. आता कुणी म्हणालं, ‘ओल पावसानेही येते’, तर तो खरा प्रतिवाद. टाकी धड असतानाही ओल येऊ शकते, म्हणजे दिलेला हेतू पुरेसा नाही. अशा फसव्या हेतूला सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात. त्यावर पहिल्या बोलणाऱ्याने दाखवून दिलं की मे महिना चालू आहे आणि टाकी रिकामी ठेवली तेव्हा भिंत सुकत गेली, की प्लंबरला कुठे पाठवायचं ते ठरतं. या सगळ्यात आवाज कितीही चढला असला तरी माझ्या लेखी तो वादच.

याउलट ‘म्हणजे कमिटी झोपा काढते म्हणायचंय का?’ असं कुणी विचारलं की युक्तिवाद संपला. बोलणाऱ्याच्या शब्दांत भलताच अर्थ घुसवणं म्हणजे छल. त्याचं जुनं उदाहरण फार मजेदार आहे. संस्कृतात ‘नव’ म्हणजे नवा आणि नऊसुद्धा: ‘हा नवकंबल आहे’, म्हणजे याच्याकडे नवी घोंगडी आहे, असं कुणी म्हणतो, तर दुसरा विचारतो, ‘एकच दिसतेय, नऊ कुठे आहेत?’

न्यायसूत्रं जल्प-वितंडेला सरसकट टाकाऊ मानत नाहीत. कोवळ्या अंकुराभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तशी सत्य जपायला ती वापरावीत असं तिथे म्हटलंय. स्पर्धेच्या व्यासपीठावर मला हे मान्य आहे, घरात किंवा मीटिंगमध्ये मात्र नाही.

समोरचा वितंडा करतोय असं वाटलं तर सरळ विचारा, ‘मग तुमच्या मते ओल कशाने आली?’ त्याने कारण सांगितलं तर पुढे बोला. पुन्हा तुमचंच खोडायला लागला तर विषय मतदानाला टाका.