द्रवीकरण की द्रवीभवन?

सांगलीत स्थापत्य अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: भूकंपात जमीन पाण्यासारखी वागते, त्याला 'मृदा द्रवीकरण' म्हणावं की 'द्रवीभवन'? आणि आपल्या बोलीत त्याला काही शब्द आहे का?

मी 'द्रवीभवन' लिहीन. 'द्रवी'मधली दीर्घ ई संस्कृतातल्या च्वि प्रत्ययामुळे येते. आधी जे नव्हतं ते होणं, हा तिचा अर्थ. पुढे 'करण' लागलं की कुणीतरी ते करतं, 'भवन' लागलं की ते होतं. पाण्याचं शुद्धीकरण आपण करतो, बाष्पीभवन आपसूक होतं. कारखान्यात दाब देऊन वायूचा द्रव करतात, तिथे द्रवीकरण शोभेल.

माझा खरा आक्षेप 'मृदा'वर आहे. आपल्या रानातली चिकट काळी माती सहसा अशी वागत नाही. भीती असते ती सैल वाळूची आणि रेताड गाळाची, तीही कणांमधली पोकळी पाण्याने गच्च भरलेली असेल तर. वाफसा असलेल्या जमिनीत त्या पोकळीत हवाही असते, म्हणून ती सुटते. 'जमीन वितळली' हेही चूक, कारण एकही कण वितळत नाही. हादऱ्याने कण दाटायला बघतात, मधल्या पाण्याला निघून जायला सवड मिळत नाही, पाण्याचा दाब वाढतो आणि कणांचा एकमेकांवरचा टेकू सुटतो. उन्हाळ्यात कृष्णेच्या कडेला ओल्या वाळूवर पायाने भराभर थोपटून बघा: वाळू चकाकते, थुलथुलते, पाणी वर येतं. जपानमध्ये निगाता इथे १६ जून १९६४ ला अशाच जमिनीवरच्या इमारती न मोडता अख्ख्या कलंडल्या.

बोलीत तयार शब्द मला ऐकू आलेला नाही. कोयनेचा १९६७ चा भूकंप आपल्या पिढ्यांच्या बोलण्यात आहे, पण तो मुलूख काळ्या कातळाचा; तिथून आपल्याकडे आठवणी आल्या त्या हादऱ्याच्या आणि पडलेल्या घरांच्या. तरी शब्द जवळच आहेत. २००१ च्या भूकंपात कच्छच्या रणात जमिनीतून वाळू आणि पाणी उसळून वर आलं. त्याला पुस्तकात कुणी 'वाळू उकळणे' लिहील; पण उष्णतेचा तिथे संबंधच नाही. विहिरीच्या तळाशी झरा फुटतो त्याला आपण उमाळा म्हणतो, मग हा 'वाळूचा उमाळा'. आणि आजीला समजावायचं असेल तर 'वाळू पातळ झाली' म्हणा. पिठलं पातळ होतं तेव्हा बेसन वितळलं असं कुणी म्हणत नाही.